चार वर्षांच्या मुलाला फ्लोराइडची पेस्ट द्यायची की नाही?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका आईनं विचारलंय: मुलगा चार वर्षांचा आहे. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरट रेघ दिसते आणि खालच्या एका दाढेत काळा खड्डा पडलाय. दवाखान्यात फ्लोराइडचं वार्निश लावून घ्या म्हणाले. पण माझी बहीण यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याजवळच्या गावात दिली आहे. तिथं फ्लोराइडनं पोरांचे दात पिवळे पडलेत आणि गावातल्या बोअरचं पाणी पिऊ नका असं सांगितलंय. त्यातच 'अमेरिकेनं फ्लोराइडवर बंदी घातली, त्यानं मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो' असा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. सासूबाई म्हणतात, आम्ही राखुंडीनं दात घासले, आमचं काय बिघडलं? मग मी कुणाचं ऐकू?

ताई, गोंधळ होणं अगदी साहजिक आहे, कारण यातलं कुणीच पूर्ण खोटं बोलत नाहीये. बहिणीच्या गावातली परिस्थिती खरी आहे आणि दवाखान्यात तुम्हाला दिलेला सल्लाही खरा आहे. फ्लोराइड किती, ते पोटात जातंय की दातावर राहतंय, आणि घरात पिण्याचं पाणी कुठलं, एवढ्यावर सगळं ठरतं. कोल्हापुरात वाढणाऱ्या तुमच्या मुलासाठी दंतवैद्य म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे: पेस्ट फ्लोराइडचीच द्या, मोजून द्या, आणि वार्निश, म्हणजे दातावर लावायचा फ्लोराइडचा चिकट लेप, लावून घ्या. बहिणीच्या मुलांसाठी उत्तर वेगळं आहे. तेही पुढं सविस्तर सांगते.

आधी पाण्याचं बघू. कोल्हापूर शहराच्या नळाला येणारं पाणी नदीचं आणि धरणाचं. पूर्वीपासून शिंगणापूर आणि बालिंग्याहून उपसलेलं, आणि आता काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनचं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि त्या सगळ्या सह्याद्रीच्या धुवाधार पावसावर वाहतात. फ्लोराइड पाण्यात उतरतं ते खडकातून, आणि त्यासाठी पाणी त्या खडकाच्या सान्निध्यात बराच काळ राहावं लागतं. आपल्याकडचा काळा पाषाण, त्यावरून वेगानं वाहून येणारं पावसाचं पाणी, यात फ्लोराइड मुरायला वाव फारसा नसतो. अशा नदीच्या पाण्यात ते साधारण लिटरला अर्ध्या मिलीग्रॅमच्या आतच असतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलीग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५. म्हणजे नळाचं पाणी पिणारं कोल्हापूरचं मूल फ्लोराइडच्या बाबतीत कमतरतेच्या बाजूला आहे. आणि भारतात नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळण्याची पद्धतच नाही, त्यामुळं ते काम आपल्याकडं फक्त पेस्ट करते.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही भागांत नेमकं उलटं आहे. तिथल्या जमिनीखालच्या जुन्या खडकांत फ्लोराइडची खनिजं आहेत आणि खोल बोअरचं पाणी वर्षानुवर्षं त्यांच्यात मुरलेलं असतं. कोल्हापूर आणि पांढरकवडा एकाच राज्यात असले तरी फ्लोराइडच्या हिशेबात ही दोन टोकं आहेत. तिथला सल्ला जसाच्या तसा इथं लावला तर आपल्या मुलांचे दात किडतात, आणि इथला सल्ला तिथं लावला तर तिथल्या मुलांचं नुकसान होतं. हा फरक मला पेशंटना समजावून सांगावा लागतो तो याच कारणानं.

फ्लोराइडची ओळखही मुळात डागांमुळंच पटली. १९०१ साली अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य गेला. तिथल्या माणसांच्या दातांवर तपकिरी डाग होते. पुढं त्याच्या लक्षात आलं की हे डागाळलेले दात किडायला मात्र सहसा तयार नसतात. कारण सापडायला तीस वर्षं गेली. १९३१ मध्ये चर्चिल या रसायनतज्ज्ञानं पाण्यात फ्लोराइड असल्याचं दाखवलं. मग ट्रेंडली डीन यांनी गावोगावचं पाणी आणि मुलांचे दात ताडून पाहिले. लिटरला साधारण १ मिलीग्रॅम फ्लोराइड असेल तिथं कीड बरीच कमी आणि डाग नगण्य, हे त्यातून पुढं आलं. २५ जानेवारी १९४५ रोजी ग्रँड रॅपिड्स या शहरानं पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. आणि त्याच्या आठच वर्षं आधी, १९३७ मध्ये, आपल्याकडं तेव्हाच्या मद्रास इलाख्यात नेल्लोर भागात अतिफ्लोराइडनं दात आणि हाडं खराब झालेल्या लोकांची नोंद झाली होती. त्यामुळं फ्लोराइड चांगलं की वाईट असा प्रश्न कुणी विचारला की मी आधी विचारते, किती आणि कुठं?

त्या काळी एक समजूत पक्की होती: फ्लोराइड पोटात गेलं तरच दात घडताना त्यात उतरतं आणि दात मजबूत होतो. त्यामुळं मुलांना गोळ्या, थेंब दिले जात. नंतरच्या संशोधनानं दाखवून दिलं की फ्लोराइडचा खरा फायदा दात उगवल्यानंतर, त्याच्या पृष्ठभागावर होतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे. फ्लोराइड गिळायची गरज नाही, ते दातावर लागलं पाहिजे.

ते तिथं काय करतं ते थोडक्यात. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, जवळजवळ सगळं कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या खनिजाचं असतं. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातावरच्या चिकट थरातले जंतू ते खाऊन आम्ल तयार करतात. तिथला पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण साडेपाचच्या खाली गेला की खनिज विरघळू लागतं. मग लाळ हळूहळू आम्ल निवळवते आणि गेलेलं खनिज परत बसवते. ही देवघेव रोज, प्रत्येकाच्या तोंडात चालते. सुटणारं खनिज बसणाऱ्यापेक्षा जास्त झालं की हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ उमटते, ती तपकिरी होते, आणि शेवटी वरचं कवच ढासळून खड्डा पडतो. लाळेत आणि त्या चिकट थरात थोडंसं जरी फ्लोराइड असलं तरी खनिज परत बसण्याचा वेग वाढतो. शिवाय नव्यानं बसलेलं खनिज आधीपेक्षा चिवट असतं. ते विरघळायला पीएच साडेचारच्या आसपास उतरावा लागतो.

तेव्हा ताई, मुलाच्या पुढच्या दातांवरची ती पांढरी रेघ म्हणजे अजून हातात असलेली वेळ आहे. दाढेतला खड्डा आपोआप भरून येणार नाही, पण रेघ थांबवता येते. खुर्चीत मूल आडवं झालं की मी आधी कापसाच्या बोळ्यानं ओठ बाजूला धरते आणि दातावर हवेचा फवारा मारते. ओल्या दातावर जेमतेम दिसणारी रेघ वाळल्यावर उठून दिसते. निरोगी एनॅमल चकाकतं, ही रेघ मात्र निस्तेज राहते आणि बोथट टोकाचं हत्यार हलक्या हातानं फिरवलं तर खरखरीत लागते. पेस्ट, वार्निश आणि खाण्याच्या वेळा यांचा मेळ बसला तर काही महिन्यांनी त्याच जागी रेघ पांढरीच असते, पण तिच्यावर चमक आलेली असते आणि हत्यार गुळगुळीत सरकतं. म्हणजे कीड तिथंच थांबली. हे तुम्हाला घरीही पाहता येईल. मुलाचं डोकं मांडीवर घ्या, खिडकीच्या उजेडात वरचा ओठ उचला, रुमालानं दात कोरडे करा आणि हिरडीच्या कडेनं नजर फिरवा. महिन्यातून एकदा हे पाहणाऱ्या आईला दात दुखेपर्यंत थांबावं लागत नाही.

आता पेस्ट. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) जास्त फ्लोराइड चालत नाही आणि किती आहे ते ट्यूबवर आणि खोक्यावर पीपीएममध्ये छापावंच लागतं. युरोपात नेहमीच्या पेस्टमध्ये १४५० पीपीएमच्या आसपास असतं, म्हणजे आपला नियम सावधच आहे. दुकानात पेस्ट घेताना पुढचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. सोडियम फ्लोराइड, सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट किंवा स्टॅनस फ्लोराइड यांपैकी काहीतरी लिहिलेलं आणि आकडा १००० च्या जवळ असेल तर ती पेस्ट कामाची. लहान मुलांच्या म्हणून मिळणाऱ्या, कार्टूनच्या चित्राच्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड निम्मंच असतं, काहींत अजिबात नसतं. १००० च्या खालच्या पेस्टनं कीड किती रोखली जाते याचा पुरावा लंगडा आहे. वर त्या स्ट्रॉबेरीच्या चवीच्या, मुलं त्या चाटूनच खातात. माझ्या मते घरात मोठ्यांची असते तीच साधी पेस्ट मुलाला द्यावी, फक्त मोजून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, यावरून तिचं महत्त्व लक्षात येईल.

किती द्यायची? तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत मटारच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट पसरलेली दाखवतात, ती विसरून जा. हिशेब करून दाखवते. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलीग्रॅम फ्लोराइड. मटारच्या दाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम भरते, म्हणजे त्यात पाव मिलीग्रॅम. दोन वेळची सगळीच्या सगळी गिळली तरी अर्धा मिलीग्रॅम. चार वर्षांच्या, पंधरा-सोळा किलोच्या मुलाच्या पोटात दिवसभरात पाऊण मिलीग्रॅमच्या आसपास गेलं तरी चालतं. आपल्या नळाच्या पाण्यातलं थोडंसं धरूनही गणित बसतं, आणि मूल थुंकायला शिकलं की गिळलं जाणारं प्रमाण आणखी घटतं. मात्र पेस्ट ब्रशवर तुम्हीच घाला. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश तुम्हीच फिरवा किंवा शेजारी उभं राहा. आणि ट्यूब फडताळात वर ठेवा. मुलानं ट्यूब पिळून खाल्ली तर पोट दुखतं, उलट्या होतात. शरीराच्या वजनाच्या किलोमागे ५ मिलीग्रॅम फ्लोराइड एका दमात पोटात गेलं तर ते धोक्याचं समजतात. पंधरा किलोच्या मुलासाठी हे शंभर ग्रॅमच्या ट्यूबच्या पाऊण भागाइतकं झालं. असं काही झालंच तर लगेच दूध पाजा आणि ट्यूब बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

ब्रश झाल्यावर खळखळून चूळ भरायची आपली पक्की सवय. त्यात पेस्टमधलं फ्लोराइड बेसिनमध्ये वाहून जातं. फेस नीट थुंकायचा आणि थांबायचं. मुलाला ते नकोसं वाटत असेल तर घोटभर पाण्यानं एकदाच तोंड ओलं करू द्या. रात्रीचा ब्रश तर चुकवूच नका. झोपेत लाळ कमी सुटते, तोंड स्वतःला धुऊ शकत नाही, त्या सात-आठ तासांत दातावर फ्लोराइड असणं हे सगळ्यात मोलाचं. ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही.

माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक किडक्या दातांच्या मुलांचं घोडं इथंच अडतं. कोल्हापूरचं दूध म्हणजे अभिमानाचा विषय. गंगावेशीत कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेलं म्हशीचं दूध आपण उभ्या उभ्या पितो. साध्या दुधाला माझी काहीच हरकत नाही. पण झोपताना साखर किंवा चॉकलेट पावडर घातलेलं दूध, तेही बाटलीतून, चोखत चोखत झोपी जायचं, आणि ते थेट वरच्या चार पुढच्या दातांमागं साचून राहतं. तुमच्या मुलाच्या रेघा नेमक्या वरच्याच दातांवर आहेत, म्हणून विचारते, रात्री बाटली आहे का अजून? असेल तर आधी तिच्यातली साखर कमी करत न्या, मग आठवड्याभरात नुसत्या पाण्यावर आणा. दोन-तीन रात्री रडणं होईल. त्याची तयारी ठेवा.

गुळाचंही सांगायला हवं, कारण हा गैरसमज आपल्या जिल्ह्यात फार आहे. साखर वाईट आणि गूळ चांगला असं मानून मुलांच्या हातात दिवसभर गुळाचा खडा, चिक्की, काकवी लावलेली चपाती दिली जाते. पोटाचं काय असेल ते असो, दाताच्या दृष्टीनं गूळही मुख्यतः तीच साखर आहे, वर चिकट. गुऱ्हाळावर नेलं तर खुशाल खाऊ द्या. गणपतीत मोदकही पोटभर खाऊ द्या. एका बैठकीत किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा तोंडात गेलं हे दाताला जास्त बाधतं. प्रत्येक वेळी आम्ल तयार होतं आणि ते निवळायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. सकाळी चहा-बिस्कीट, रिक्षात चॉकलेट, मधल्या सुट्टीत क्रीमरोल, घरी आल्यावर खारी, संध्याकाळी कुरकुरीत पुडा, झोपताना गोड दूध, असा दिवस असेल तर लाळेला सावरायला फुरसतच मिळत नाही. तिथं फ्लोराइड एकटं पुरं पडत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. पेस्ट बदलली तरी कीड का थांबली नाही, असं विचारत येणाऱ्या घरांत उत्तर बहुतेक वेळा या यादीत सापडतं.

वार्निशबद्दल तुमच्या मनात भीती आहे ती आकड्याची असावी. त्यात ५ टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे २२,६०० पीपीएम असतं. आकडा मोठा आहे, पण चार वर्षांच्या मुलाला पाव मिलीलीटर, दोन-चार थेंब पुरतात. त्यात साडेपाच-सहा मिलीग्रॅम फ्लोराइड असतं आणि ते राळेच्या चिकट थरात धरलेलं असल्यामुळं दाताला चिकटून हळूहळू सुटतं. लावायला सुई नाही, मशीन नाही. दात पुसून छोट्या ब्रशनं लावायचं, लाळ लागली की ते घट्ट होतं. दात एक दिवस पिवळसर दिसतील, घाबरू नका. त्या दिवशी गरम आणि कडक काही देऊ नका, ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी. मुलाला राळेची अॅलर्जी असेल किंवा दम्यासाठी कधी दवाखान्यात ठेवावं लागलं असेल तर लावण्याआधी सांगा. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. २०१३ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यात वार्निशमुळं दुधाच्या दातांतली कीड सरासरी ३७ टक्क्यांनी आणि कायमच्या दातांतली ४३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. एवढ्या साध्या उपायाच्या मानानं हा फायदा मला फार मोठा वाटतो.

दाढेतल्या खड्ड्याचं वेगळं. मूल बसतंय, कीड वरवर आहे, तर साफ करून भरून घ्यायची. मूल अजिबात तोंड उघडत नसेल तर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे औषध लावता येतं. कीड थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो, ते आधी ठरवून घ्या. रात्री ठणका लागत असेल, हिरडीवर पुळी आली असेल तर कीड नसेपर्यंत पोचलेली असते आणि तिथं कुठलंच फ्लोराइड उपयोगाचं नाही, नसेवर उपचार करावे लागतात किंवा दाढ काढावी लागते. 'दुधाचेच तर दात, पडणारच आहेत' हे वाक्य मला रोज ऐकायला मिळतं. मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत पडत नाहीत. तुमच्या मुलाला त्या दाढेवर अजून सहा-सात वर्षं भाकरी चावायची आहे, आणि खालून येणाऱ्या दाताची जागा तिलाच राखायची आहे.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या लहानपणी गोड सणावारी मिळायचं, पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा दारोदार नव्हता. जंतूंना खायलाच कमी होतं, म्हणून त्यांचे दात राखुंडीवरही निभावले. राखुंडीनं, मिठानं, कोळशाच्या मंजनानं दात घासून पांढरे दिसतात, पण एनॅमलही घासलं जातं आणि पुढं गार पाणी लागलं की दात शिवशिवतात. कडुनिंबाची काडी चघळायला माझी ना नाही, तिच्यामागून पेस्ट मात्र हवी. एक गोष्ट कळकळीनं सांगते. घरात कुणी मिश्री लावत असेल तर ती सोडवायला मदत करा. आपल्या भागातल्या कितीतरी बायकांनी दाढ दुखली म्हणून मिश्री लावायला घेतली आणि ती जन्माची चिकटली. ती जाळलेली तंबाखूच आहे. दाताला काही देत नाही, आणि तोंडाच्या कॅन्सरला वाट करून देते. सासूबाईंना मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, तोंड कोरडं पडत असेल, हिरड्या खाली सरकून दातांची मुळं उघडी पडली असतील, तर फ्लोराइडच्या पेस्टची गरज नातवाइतकीच त्यांनाही आहे. मुळाला एनॅमलचं कवच नसतं, ते लवकर किडतं.

मेसेजमधल्या अमेरिकेबद्दल. २०२५ मध्ये यूटा आणि त्यामागून फ्लोरिडा या राज्यांनी सार्वजनिक पाण्यात फ्लोराइड मिसळणं बंद करण्याचे कायदे केले. विषय पाण्याचा होता, टूथपेस्टवर बंदी नाही. मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो हा त्या मेसेजमधला जो उल्लेख आहे, त्याचं मूळ तिथल्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात आहे. लिटरला १.५ मिलीग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडच्या पाण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध दिसतो, असं त्यांनी मध्यम खात्रीनं म्हटलं. तिकडं पाण्यात मिसळण्याचं शिफारस केलेलं ०.७ मिलीग्रॅमचं प्रमाण घातक आहे का, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असंही त्याच अहवालात आहे. म्हणजे हा इशारा गांभीर्यानं घ्यायचाच असेल तर तो तुमच्या बहिणीच्या गावासाठी घ्यावा. आपल्या मटारच्या दाण्याएवढ्या, थुंकून टाकलेल्या पेस्टला तो लागू होत नाही.

बहिणीला सांगा, पेस्टची चिंता नंतर, आधी पाणी. बोअरच्या पाण्यात लिटरला ३ मिलीग्रॅम फ्लोराइड असेल तर मूल एका लिटरमागे ३ मिलीग्रॅम पितं, पेस्टच्या अर्ध्या मिलीग्रॅमची त्यापुढं काय कथा. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना देता येतो, गावचा जलसुरक्षक किंवा ग्रामसेवक वाट दाखवेल. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून किंचित वाढतं. कँडलचा किंवा नुसत्या यूव्हीचा फिल्टर ते काढत नाही. आरओ काढतो, अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा फिल्टर काढतो. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या संस्थेनंच बसवली आहे, पण तिचं प्रमाण पाण्याप्रमाणे ठरवून घ्यावं लागतं, अंदाजानं तुरटी टाकून चालत नाही. ज्याचा अहवाल चांगला आहे अशी उथळ विहीर, नळयोजना किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिळत असेल तर ते सगळ्यात बरं. आणि फक्त पिण्याचं नव्हे, डाळ-भात आणि चहा यांचं पाणीही बदलायला सांगा, तेही पोटातच जातं.

कायमच्या दातांचं एनॅमल घडतं ते जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत, आणि पुढच्या दातांसाठी दुसरं-तिसरं वर्ष फार नाजूक. म्हणून घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं पाणी पहिल्यांदा बदलावं. ज्यांच्या दातांवर डाग आलेत त्यांचे डाग घासून घासून निघणार नाहीत, ते एनॅमलच्या आत असतात, पण मोठेपणी दंतवैद्य ते झाकू किंवा फिके करू शकतात. हाडांवर झालेला परिणाम मात्र मागं फिरवता येत नाही. कुणाचे सांधे आखडत असतील, मान-पाठ वाकत नसेल तर त्यांना आरोग्य केंद्रात दाखवायला सांगा, फ्लोरोसिससाठी, म्हणजे अतिफ्लोराइडनं होणाऱ्या दात-हाडांच्या आजारासाठी, केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून चालू आहे. त्या मुलांनी ब्रश सोडायचा नाही. वयाप्रमाणे दाण्याएवढीच पेस्ट, आणि मोठ्यांसमोर थुंकायची. पाण्याचा अहवाल फारच वाईट आला तर कुठली पेस्ट वापरायची ते तिथल्या दंतवैद्यालाच विचारावं.

आपल्या जिल्ह्यातही जी घरं, जे अपार्टमेंट बोअरचंच पाणी पितात त्यांनी एकदा फ्लोराइडची तपासणी करून घ्यावी, अंदाजावर राहू नये. उन्हाळ्यात तुमच्या इमारतीत बोअरचं पाणी पिण्याच्या टाकीत जात असेल तर तुम्हीही करा.

तुमच्या मुलासाठी शेवटची एक खूण. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागं, एकही दात न पडता, एक नवी मोठी दाढ उगवते. दात पडलाच नाही म्हणून बहुतेक घरांत तिला दुधाचीच समजतात आणि दुर्लक्ष होतं. ती कायमची असते. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात, ब्रशचे केस त्यात पोचत नाहीत, आणि कायमच्या दातांतली पहिली कीड बहुतेक तिथंच लागते. ती पूर्ण वर आली की त्या चिरा सीलंटनं, म्हणजे दातावर बसवायच्या पातळ संरक्षक थरानं, बुजवून घ्यायच्या आणि त्याच भेटीत वार्निशचा पुढचा हात द्यायचा. अजून दोन वर्षं आहेत, पण साडेपाचपासून मागं बोट फिरवून बघत राहा.